पान एकशे बारा

पान एकशे बारावर मी मेलो.
त्याआधी दोन पानं खोकत होतो.
तो खोकला रेवणसिद्धनं माझाच उचललाय,
लूमच्या कापसाचा. शतक तेवढं सोळावं.

आम्ही नऊ जण. दर रविवारी भुईकोटात.
बख्तर माझ्या हातचं:
भंगारात निघालेल्या मागांच्या वह्या, त्यांच्या तारा
कापून, वाकवून, कडीत कडी,
सात महिने, अकरा किलो.
ढाली म्हणजे रंगाच्या पिंपांची झाकणं.
जैनुद्दीन नदाफ भाला घेऊन उभा राहिला की
सहलीची पोरं ओरडतात, 'कुठल्या पिक्चरचं शूटिंग बे?'
आणि दत्तू रखवालदार पोशाखाला सूट देत नाही.
पंचवीस रुपये, माणशी.

कादंबरीत असं होतं की
एका रविवारी दरवाजा लागतो, आणि उघडतो तेव्हा
खंदकापलीकडे पार्क चौक नसतो.
बाभळी असतात. लिदीचा वास असतो.
आतले खरे शिपाई आम्हाला खालीवर बघतात
आणि विचारतात, 'पगार आणलात का?'
चौदा महिन्यांचा थकलेला.
आम्ही तलवारींचा अभ्यास केलेला, पागोट्यांचा,
पगाराचा कुणीच केला नव्हता.

हे मला आवडलं.
खंदकातल्या माशानं कानडीत भविष्य सांगणं
जरा जास्तच झालं.

पुण्याहून परीक्षण आलं, अर्धा रकाना.
'अद्भुताला तर्काची शिस्त नाही.
आणि त्या काळचा शिपाई "काय की बे" म्हणेल?'
जैनुद्दीन म्हणाला, मग काय म्हणंल?
दुसऱ्या एकानं एकच शब्द लिहिला: हौशी.
रेवणसिद्ध दोन दिवस बँकेत गेला नाही.
मला कळेना, हौस ही शिवी कधी झाली.

चर्चा ठेवली वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये.
चाळीस खुर्च्या, चौदा माणसं, त्यात नऊ आम्हीच.
एक गृहस्थ उठले: 'हे सैनिक नेमके कुणाच्या बाजूचे?
ते एकदा स्पष्ट होऊ द्या.'
रेवणसिद्ध चष्मा पुसत राहिला.
हुंड्यात लिहून दिलेला किल्ला हा,
दिलेला, अडवलेला, पुन्हा मागितलेला,
बुरुजावर कितीदा कापड बदललं,
रात्री अडसर मात्र कुणीतरी एकच माणूस लावायचा.
हे तो बोलला नाही. हे आत्ता मी बोलतोय.

मग विद्यापीठातल्या एक बाई,
फार नीट वाचून, पेन्सिलीनं खुणा करून आलेल्या,
म्हणाल्या, 'जॉबर पेंटय्याचा मृत्यू पटत नाही.
एवढं बख्तर घडवणारा माणूस
लढाईच्या आदल्या रात्री घोंगडीवर तापानं जातो?
लेखकानं संधी घालवली.'
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी कागदी कप चुरगाळत बसलो.
बाई, माझ्या बापाच्या खात्यात अठ्ठावीस जॉबर होते,
गिरणी मिटल्यावर सगळे गेले,
एकही लढताना नाही.

घरी नागमणीला मराठी वाचता येत नाही.
तेलुगूत सांगितलं, मी मेलो म्हणून.
भाकरी तव्यावरून न काढता तिनं विचारलं,
'मग मी काय करते?'
मी पानं चाळली.
ती कुठेच नव्हती.
भाकरी करपली.
एवढं परीक्षण मात्र मी रेवणसिद्धला कळवलं,
तो फोनवर बराच वेळ गप्प होता.

या रविवारी आम्ही पाचच.
बख्तर घातलं, खांदा पूर्वीसारखा दुखला, बरं वाटलं.
तिकीटखिडकीत पुस्तक उपडं घातलेलं,
मध्ये बसचं तिकीट खुणेला.
'एकशे दहापर्यंत आलोय,' दत्तू म्हणाला,
आणि काचेतून वाकून माझ्याकडे बघितलं,
'खोकला वाढलाय तुमचा, मामा.
सिव्हिलला दाखवून घ्या की.'
मग पंचवीस रुपये घेतले.